वाल सोलायला लावणारी

भिसेगावात हाडं बसवणारा मी एकटाच. महायुद्ध संपलं त्या साली शेजारी एक पाहुणी आली. लष्करी इस्पितळात ती जखमी शिपायांचे हात पुन्हा कामाला लावायची. शेजाऱ्याच्या हाताचं मोडलेलं हाड मी जुळवलं होतं, पण बोटं मिटत नव्हती. तिनं त्याच्यापुढे भिजवलेले वाल ठेवले. “सोला, दादा.” मदत करायचा मोह नको म्हणून स्वतःचे हात पाठीमागे धरून बसायची. हळूहळू त्यानं विळा धरला. गाव तिचं कौतुक करू लागलं आणि माझा जळफळाट झाला.

“तुमी कधी चुकतच नाय का?” मी विचारलं.

“चुकते ना! हे काम करणाऱ्या आम्हा सगळ्यांचं मंडळ आहे. जमलो की आधी आपापल्या चुका सांगायच्या, मग चहा.”

ती गेली. आता मीही वाल सोलायला देतो. बरोबर देतो का, कोणाला विचारू? तिच्या त्या चहाचा मला अजून हेवा वाटतो.