चक्कीवाल्या काकांचा एसी

चक्कीवाल्या काकांनी पवनीत खाकरलं, की पार बपेऱ्याच्या म्हशी दावी तोडत. सगळा जन्म पिठाच्या चक्कीच्या खडखडाटात गेलेला. त्यांनी कानात सांगितलेलं गुपितही वैनगंगेपलीकडे पोचायचं.

काकींचं हृदय कमजोर. उन्हाळ्यात थंड जागेत ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा ऐंशी सालाच्या सुमारास काकांनी नागपूरहून एक जुना एसी एसटीच्या टपावर बांधून आणला आणि खिडकीचे गज कापून बसवला. पहिल्या दिवशी अर्धं गाव त्या खोलीत शिरलं. मी तर घोंगडी घेऊन गेलो होतो.

पण चक्की फिरली की विजेचा दाब पडायचा आणि एसी घुं घुं करून मान टाकायचा. म्हणून उन्हाळाभर काका सकाळी दहालाच चक्की बंद करत. दुपारी कोणी दळण आणलं की ओरडत, "आता कायले आले? तुमच्या काकीची हवा चालू आहे." मग अंगणात जाऊन एसीच्या मागच्या गरम झोतात तळहात धरून उभे राहत. जसं काही ऊन कमी पडलं होतं. विचारलं तर म्हणत, "तिच्या अंगातली गर्मी निघून राहिली. किती निघाली ते पाहून राहिलो."

एका मे महिन्यात माझ्या बहिणीचं लग्न निघालं. पाहुणे आधीच येऊन टपकले, पीठ संपलं, आणि मी भर दुपारी दोन पोती गहू घेऊन काकांच्या दारात. ते नाहीच म्हणाले. मग मी जिभेची सगळी कारागिरी लावली: वऱ्हाड उपाशी परत जाईल, बहीण जन्मभर घरात बसेल. सगळं खोटं. सकाळपर्यंत सहज थांबता आलं असतं.

आतून काकी म्हणाल्या, "द्या न दळून त्याले. लग्नाचं घर आहे. मी बसते हातपंखा घेऊन."

दोन तास चक्की चालली. काकींनी हाक मारलीही असेल. त्या खडखडाटात कोणाला ऐकू येणार? काका पिठाचे हात झटकत आत गेले, तेव्हा हातपंखा जमिनीवर पडला होता आणि काकी गेल्या होत्या.

त्या पिठाच्या पोळ्या मी खाल्ल्या नाहीत, असं सांगायला आवडलं असतं. खाल्ल्या.

काकांनी चक्की पुन्हा लावली नाही. दुपारी रिकाम्या खोलीत एसी चालवायचे आणि अंगणात त्याच्या गरम झोतात हात धरून उभे राहायचे. एकदा धीर करून गेलो, म्हटलं, काका, उन्हातून आत चला. ते काहीतरी बोलले. मला कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागला.

"अजून निघूनच राहिली रे," ते म्हणत होते.