हनुवटीवरचे तीन ठिपके

मैत्रिणींनो, आज दुपारी मी माझ्या आईचं गोंदण पुसून टाकलं होतं.

झालं असं, की धारूरला भाचीच्या हळदीत मी मांडवातल्या अंधूक उजेडात आई आणि मावशीचा फोटो काढला होता. दोघी एकत्र हसतायत असा हा एकच फोटो, पण सगळा दाणेदार आलेला. मावशीला फ्रेम करून द्यायचा म्हणून लॅपटॉपवर नॉइज, म्हणजे ते दाणे, कमी करायला बसले. स्क्रीनवरची नॉइज कमी करायची पट्टी शेवटपर्यंत सरकवली आणि चेहरे कसे गुळगुळीत झाले. मी खूश.

आईला दाखवला. ती म्हणाली, "ह्या कोण बाया हायत गं?"

"तू आणि मावशी."

"मग गोंदण कुठंय? जत्रंत एकाच दिशी गोंदलंय आमी. ती लई रडलती, मी न्हाई."

मी पट्टी हळूहळू मागे घेतली. आधी सुरकुत्या परतल्या, मग दोघींच्या हनुवटीवरचे तीन-तीन हिरवे ठिपके. थोडे दाणेही आले, ते राहू दिले.

आईने लगेच मावशीला फोन लावला. "रडके, तुझा फोटू लई झ्याक आलाय."

तुमच्याकडून असं काही पुसलं गेलंय का कधी, साफ करता करता?