बावीस क्रमांकाचा जोडीदार

प्रभा परब यांचे गेल्या वर्षी मार्चमध्ये, एका सोमवारी सकाळी, मुलुंड पूर्वेच्या राहत्या घरी निधन झाले. वय एकाहत्तर. टेबलावर त्यांच्या यादीतल्या बावीस क्रमांकाच्या ताऱ्याचा कागद होता. नव्या वेधांच्या दोन ओळींपैकी एक भरलेली होती, दुसरी कोरी.

खगोलशास्त्राच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावरही त्या निळ्या महाराक्षसी ताऱ्यांवर काम करत. हे तारे सूर्याच्या कित्येक पट वजनदार आणि अतिशय तापलेले. त्यांपैकी कितींना जोडीदार तारा आहे, हे त्या मोजत. जोडीदार सहसा दिसत नाही, मोठ्याच्या उजेडात बुडतो. पण फिरताना तो मोठ्यालाही हलवतो आणि मोठ्याच्या वर्णपटातल्या रेषा किंचित सरकतात. रेषा सरकली नाही की तरुण सहकारी ताऱ्याला 'एकटा' म्हणून मोकळे होत. बाई मालवणीत बजावत, "एकटो म्हणा नको रे. दुसरो अजून गावूक नाय, असां लिही." गावूक नाय, म्हणजे सापडलेला नाही.

बावीस क्रमांक मात्र त्यांनी स्वतःच 'एकटे' या रकान्यात छापला होता. तीन वेध घेतले, रेषा तीनदा जागच्या जागी.

वर्तमानपत्रात त्यांच्यावर लिहायचे म्हणून मी चार शनिवार त्यांच्याकडे गेलो. मसुद्यात एक वाक्य होते: 'परब एकट्याच राहतात.' ते वाचून त्या हसल्या.

"कोणी सांगल्यान रे तुका?"

"मॅडम, चार वेळा आलो ना. दुसरं कोणीच नव्हतं."

"शनिवारीच येतंस मेल्या! शनिवारी माझी बहीण दहिसराक जाता, लेकीकडे. कुसुमन ह्या वाचल्यान तर लाटणां घेवन तुझ्या हापिसात येतली."

एवढे बोलून त्या उठल्या. कपाटातून वही काढली. बावीस क्रमांकाचे तीनही वेध सारख्याच दिवसांच्या अंतराने घेतलेले होते. जोडीदार तेवढ्याच दिवसांत फेरी संपवून त्याच जागी येत असेल, तर रेषा दरवेळी तिथेच दिसणार.

"वाट लागली," त्या म्हणाल्या. "मी पण शनिवारीच गेलंय."

त्यांचे हृदय तेव्हा अशक्त झाले होते. डॉक्टरांनी फार मुदत दिली नव्हती. त्याच आठवड्यात त्यांनी ते अंतर मोडणारे दोन नवे वेध वेधशाळेकडे मागितले. एका ताऱ्याने एकूण प्रमाण फारसे बदलत नाही, असे एका सहकाऱ्याने फोनवर सुचवले. "प्रमाण ऱ्हवांदे," त्या म्हणाल्या. "मी छापलंय ता खरा की खोटा, इतक्याच सांग."

पहिल्या नव्या वेधात रेषा सरकलेली होती. कुसुमताई म्हणाल्या, "मगे लिवन टाक गो." प्रभाबाईंनी नकार दिला. या ताऱ्यांचा पृष्ठभाग स्वतःच धडधडतो, त्यानेही रेषा थोडी हलते. "एका वेधान कायच ठरणा नाय."

दुसरा वेध त्यांच्या निधनानंतर सतरा दिवसांनी आला. रेषा उलट बाजूला गेली होती, पृष्ठभागाच्या धडधडीने हलेल त्याहून बरीच जास्त. सहकाऱ्याने फोनवर सांगितलेले आकडे कुसुमताईंनी कोऱ्या ओळीत भरले.

दुरुस्ती प्रभा परब यांच्या नावाने छापून आली. बावीस क्रमांक आता 'जोडीदार असलेले' या रकान्यात आहे.