पाचवा बार

"तू न्हाई. तू बी न्हाई. तू थांब जरा. हां, तू चल."

हे बोलणं माणसांशी नव्हे, हत्यारांशी चालायचं. विहिरीच्या काठावर गोणपाट अंथरून मामा आपली हत्यारं मांडायचे आणि एकेकाला बोट लावत निवड करायचे. पहारी, घण, छिन्न्या आणि बाभळीची गुळगुळीत दांडकी. सोयरीक जमवतानासुद्धा कोणी इतकी चौकशी करत नसेल. मला हसू यायचं. तुम्हालाही आलं असतं; आपण शिकलेली माणसं असल्या गोष्टींना हसायला नेहमी पुढे.

बहात्तरच्या दुष्काळातली ही गोष्ट. काष्टीपासून दोन-तीन कोसांवरच्या एका गावात पिण्याच्या पाण्याची विहीर खोल करायचं काम निघालं होतं. मी तिथे हजेरी कारकून. वय बावीस, मॅट्रिक पास, खिशाला पेन आणि डोक्यात हवा. मामा सुरुंगवाले. पन्नाशीचे, काटक, शाळेचं तोंड न पाहिलेले. खडकात भोक पाडायचं, दारू भरायची, वात सोडायची आणि वरून माती ठासायची, हे त्यांचं काम. भोक पाडायला पहार, पण ठासायला बाभळीचं दांडकंच. एकदा एकाने घाईत पहारीने माती ठासायला घेतली, तर मामांनी त्याला दोन दिवस विहिरीत उतरू दिलं नाही.

"दगडावर लोखंड घासलं की ठिणगी पडती, भाऊसाहेब. दारूला लाकूडच पायजे."

वाती पेटवल्या की सगळ्यांनी मातीच्या ढिगामागे बसून बार मोजायचे. जितक्या वाती, तितके आवाज. हिशेब जुळल्याशिवाय खाली कोणी उतरायचं नाही.

त्या दिवशी वाती पाच होत्या. मी पाच आवाज मोजले. मामांनी चार.

"शेवटचा आवाज टेकडीवरनं माघारी आल्याला हुता. एक बार मुका ऱ्हायलाय. तासभर कुनी उतरू नगा, मी पानी घिऊन येतो," असं म्हणून ते आपल्या पालाकडे गेले. मुक्या बारात पाणी ओतून दारू भिजवायची, अशी त्यांची रीत होती. त्या दिवसांत पाणी म्हणजे घरातली पिण्याची घागरच.

दुसऱ्या दिवशी साहेब पाहणीला येणार होते आणि काम मागे पडलं होतं. मी टोळीतल्या भिकाजीला म्हटलं, "उतर तू. पाच झालेत."

"मामा चार म्हनत्यात."

"मामांना चाराच्या पुढे मोजता येतं का?"

सगळे हसले. भिकाजीची बायको सखूसुद्धा हसली. भिकाजी पहार घेऊन उतरला.

मामा खांद्यावर घागर घेऊन आले तेव्हा खालून दगडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. त्यांनी घागर हळूच खाली ठेवली, काठावर ओणवे झाले आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "भिका, हाय तसा ऱ्हा. पहार हातातच धर. टाकू नगंस, टेकवू नगंस."

भिकाजीने पहार छातीशी उचलून धरली. त्याच्या पायापाशी मातीतून वातीचं जळकं टोक दिसत होतं. सखूने तोंडात पदर कोंबला.

मामांनी खिळ्यांच्या वहाणा काढल्या. कमरेच्या चंचीतला अडकित्ता काढून बाजूला ठेवला. या खेपेला कोणाशी बोलणं नाही. सगळ्यांत बारीक दांडकं उचललं आणि अनवाणी खाली उतरले. तिथे पोचल्यावर त्यांनी वरून सोडलेला दोर पहारीला बांधला.

भिकाजी वर चढायला वळला, तसा त्यांनी त्याचा दंड धरला. "आधी लोखंड वर, मग मानूस. भाऊसाहेब, वढा. भिताडाला लागू दिऊ नका."

दोर माझ्याच हातात होता. चाळीस फूट. पहार गोल फिरत होती, खडकाच्या बोटभर जवळून जात होती. माझ्या तळव्यांना इतका घाम आला होता की दोर निसटेल असं वाटत होतं. मी देवाचं नाव घेतलं नाही, आठवलंच नाही. पहार वर आली. मग भिकाजी आला. मग मी घागर खाली सोडली.

मामा एकटेच खाली बसून घोट घोट पाणी ओतत होते आणि दांडक्याने माती उकरत होते. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी त्यांनी ओंजळ वर करून दाखवली. ओंजळभर काळा चिखल होता.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. बातमी त्यांच्या आधी पोचली होती. "माणसाला खाली कोणी उतरवलं?" त्यांनी विचारलं. मी बोलायला तोंड उघडलं होतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय.

मामा म्हणाले, "बार मोजायचं काम माजं, सायेब. जागा सोडून मीच गेल्तो. चूक माजी."

साहेबांनी त्यांना कामावरून काढलं आणि मला जबाब लिहून घ्यायला सांगितलं. माझं पेन चालेना. मामा जवळ सरकून पुटपुटले, "ल्ह्या, भाऊसाहेब. तुमची नवी नोकरी हाय. मला काय, इहिरी गावोगाव हायत." मी लिहिलं. शाळेत बक्षीस मिळवलेल्या अक्षरात, शब्दन् शब्द लिहिलं.

मग अंगठा घ्यायचा होता. तीस वर्षं दगडाशी झटून त्याच्या रेषाच झिजल्या होत्या. शाईचा नुसता काळा ठिपका उमटे. साहेब म्हणाले, "नीट घे." मी त्यांचा अंगठा माझ्या हातात धरून तीनदा दाबला. तो गरम होता आणि लाकडासारखा टणक होता.

संध्याकाळी सगळी टोळी त्यांना सडकेपर्यंत घालवायला गेली. गोणपाटाचं ओझं भिकाजीच्या डोक्यावर होतं. मला कोणी चल म्हटलं नाही.

पुढे कित्येक महिने मी काष्टीच्या बाजारात त्यांना शोधत होतो. कोणी म्हणे बेलापूरकडे गेले, कोणी म्हणे संगमनेरकडे. भेटले की पाय धरून सांगायचं होतं, "मामा, बार चारच उडाले होते."

पण ते मामांना माहीतच होतं. सांगायला हवं होतं ते साहेबांना, त्या दिवशी.