शेठला मी बाजाराच्या वाफ्यातलं पान दिलं

शेठ जास्त खाऊन मेला नाही. मी त्याला विष चारलं.

शेठ म्हणजे आमच्या घरचा गोल्डफिश. आज त्याला जाऊन एक वर्ष झालं.
हे वर्षभर मी खोटं बोललो, तेही दहा वर्षांच्या पोरीशी. म्हणून ही पोस्ट. लाइक करू नका.

शेठ माझ्या नातीचा, मनूचा. यवतमाळला त्यांच्या घरी मांजर आली आणि शेठ राळेगावजवळ आमच्या गावी राहायला आला. झाकणाच्या बादलीत बसून, एसटीनं.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, "तळून खायचा नाही, तर पाळायचा कायले?"
आमची सुमन म्हणाली, "तुमाले नाही का पाळून राह्यली मी?"

मनूनं फोनवरून आजीला सगळं शिकवलं. वाटाणा उकडायचा, साल काढायची, चिमटीत चुरडायचा. काकडीची चकती, बिया काढून. संत्र्याची फोड, वरचा पापुद्रासुद्धा सोलून. पालकाचं पान गरम पाण्यातून काढायचं, दोऱ्यानं गोट्याला बांधून टाकीत सोडायचं. उरलेलं तासाभरात बाहेर, नाहीतर पाणी नासतं.

शेठ पान ओढायचा आणि मी पाहत बसायचो. चहा थंड व्हायचा.
मला हिनं उभ्या संसारात कधी संत्र्याचा पापुद्रा काढून दिला नाही.

आता किळस येईल अशी गोष्ट.

आमच्याकडे पालकाचे दोन वाफे. एक घरचा, एक बाजाराचा.
घरच्या वाफ्यावर फवारणी नाही. पानांना भोकं, कडा कुरतडलेल्या.
बाजाराच्या वाफ्यावर फवारणी. कपाशीवर मारतो तेच, त्याच पंपानं. पान असं चकचकीत, की हात लावावासा वाटतो.

विषाला आम्ही औषध म्हणतो.

आमच्याकडे कोणी हे लपवतही नाही. "ते नको खाऊ रे, ते विकायचं आहे," असं लेकरांना सांगतो. हे वाक्य मी किती वेळा बोललो असेन. एकदाही जीभ कडू झाली नाही.

शेठला सुमन घरच्याच वाफ्यातलं पान द्यायची.

त्या दिवशी ती माहेरी, बोरी अरबला गेलती. मी बाजाराला निघायच्या आधी मनूचा व्हिडिओ कॉल येणार होता. भोकाभोकाचं पान कॅमेऱ्यात चांगलं दिसणार नाही, असं मला वाटलं.
बाजारासाठी बांधलेल्या जुडीतून एक पान ओढलं.

दोनच दिवसांपूर्वी फवारलं होतं. तोडणीआधी किती दिवस थांबायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं. मी सातवीपर्यंतच शिकलो, पण तेवढं वाचता येतं.

"आबा, किती मस्त खातोय! अजून एक द्या ना!"
दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ पोट वर करून तरंगत होता. गोट्याला अर्धं पान तसंच. पाण्यावर तवंग. टाकीत तोंड घातलं तर पंपाचा वास आला. निदान मला तरी आला.

सुमन परत आली. टाकीकडं पाहिलं.
"कोणत्या वाफ्यातलं पान देल्लं?"
मी टाकी उचलून मोरीकडं नेली. त्या दिवशी तिनं ताट माझ्यापुढं ठेवलं नाही, सरकवलं.

मग मनूचा फोन.
"आबा, मी अजून एक द्या म्हटलं म्हणून मेला ना? त्याला जास्त झालं ना?"

आणि मी म्हणालो, "हो बेटा. होते असं कधीकधी."

थू माझ्या जिनगानीवर!

त्यानंतर फवारणं सोडलं, असं लिहिता आलं असतं तर किती बरं झालं असतं. चार महिने सोडलं. बाजारात लोक जुडी उचलायचे, उलटीपालटी करायचे. "काका, हे तर अळीचं उष्टं आहे," म्हणून ठेवून द्यायचे.
मी पुन्हा पंप पाठीवर घेतला.

परवा मनूच्या बापानं तिला नवीन मासा घेऊ म्हटलं.
ती म्हणाली, "नको. माझ्यामुळं मरतात."
हे ऐकलं आणि हातातला घास हातातच राहिला.

आज सकाळी फोन करून तिला खरं सांगितलं. दोन वाफे, जुडी, औषध, सगळं.
मला वाटलं, ती रडून राह्यली.

मग म्हणाली, "आबा, त्या जुडीतला बाकीचा पालक कोणी खाल्ला?"
"बाजारात विकला बेटा."
"कोणाला?"

तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं कुंदाताई आल्या. शाळेतून रिटायर झालेल्या बाई, दर बाजाराला येतात. त्या दिवशी तीच जुडी पिशवीत टाकत म्हणाल्या होत्या, "भाऊ, तुमचा पालक मी डोळे मिटून नेते. नातवाच्या खिचडीत घालते."
आठ महिन्यांचं लेकरू. मी कौतुकानं वर अजून एक जुडी टाकली होती.

लेकरू बरं आहे, चालायला लागलं. ते त्याचं नशीब. त्यात माझं काही पुण्य नाही.

मनूला नाव सांगितलं. ती म्हणाली, "मग मला सांगितलं तसं त्यांनाही सांगा."

फोन ठेवला आणि बाजाराचा वाफा मुळापासून उपटला. म्हशीपुढं टाकायचाही धीर झाला नाही. खड्डा करून त्यात लोटला.
सुमन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभी होती. म्हणाली, "अजून खोल खणा. कोंबड्या उकरतील."
खणला.

आता ही पोस्ट टाकून कुंदाताईंच्या घरी निघालो आहे. त्यांनी तोंडावर दार लावलं तर लावलं. त्या दिवशी माझ्याकडून पालक नेलेल्या बाकीच्यांनी मला रस्त्यात अडवून बोलावं. मी ऐकून घेईन.

शेठ, तुझा गुन्हेगार तुला हात जोडून निरोप देतो.
मनूचा यात काहीच दोष नव्हता.