मुलगी पाहायला गेले आणि फर्स्ट बेसला पोचले

आयुष्यात मी एकदाच बेसबॉल खेळले, आणि तेही काठापदराची साडी नेसून, भाच्यासाठी मुलगी पाहायला गेले असताना.

आमच्या घरात मुलगी पाहायला जाताना मला पुढे घालतात. मी सोनईला शाळेत शिक्षिका, शिवाय खो-खोची पंच. माणसाची चूक मला लांबून दिसते असा घरात लौकिक आहे (तो मीच पसरवलाय). अमोलसाठी आलेली याआधीची स्थळं मीच बाद केली होती. एका मुलीने चहा पातळ केला म्हणून, दुसरी माझ्याशी बोलताना घड्याळाकडे बघत होती म्हणून. अमोल बिचारा प्रत्येक वेळी गाडीत मागे बसून "बरं आत्या" म्हणायचा.

यावेळी मात्र त्याने शीतलचा फोटो स्वतः निवडला होता आणि तो बघून बघून मोबाईलची काच झिजायची बाकी राहिली होती. मुलगी राहुरीची, कॉलेजात शिकते आणि बेसबॉल खेळते. रविवारी सकाळी तिच्या आईचा फोन आला, "आज शीतलची सरावाची मॅच आहे. आधी मैदानावरच या. संपली की घरी पोहे खाऊ."

दादाच्या, म्हणजे अमोलच्या वडिलांच्या, उसाला तोड आली होती, म्हणून मी, वहिनी आणि अमोल असे तिघेच गेलो.

मैदानावर मुलींच्या दोन टीम होत्या. शीतलच्या आईने (राहुरीत त्यांचं ब्यूटी पार्लर आहे, त्यामुळे त्या उन्हातही फ्रेश दिसत होत्या) आम्हाला कडेच्या खुर्च्यांवर बसवलं आणि बोट दाखवलं, "ती बघा आमची शीतल. बॅटवालीच्या मागे बसलीय ती. कॅचर आहे."

तिथे तोंडाला लोखंडी जाळी, छातीला गादी आणि पायाला ढाली बांधलेली एक आकृती उकिडवी बसली होती.

वहिनी माझ्या कानाला लागल्या. "वन्सं, पोरीचं तोंड कुठं हाय?"

"जाळीच्या आत असेल."

"मग बघायचं काय आपन?"

थोड्या वेळाने शीतलची बॅटिंग आली. जाळी निघाली, मुलगी दिसली. छान होती. अमोल खुर्चीत सरळ होऊन बसला. समोरच्या मुलीने चेंडू टाकला, हिने सोडला. परत टाकला, परत सोडला. असे चार लांबलांबचे चेंडू सोडले, बॅट खाली ठेवली आणि निवांत चालत पहिल्या बेसवर, म्हणजे कोपऱ्यातल्या पांढऱ्या गादीवर, जाऊन उभी राहिली.

"ही न खेळताच कुठे निघाली?" मी विचारलं.

"चार चेंडू वाईट पडले ना, की पहिला बेस मिळतो," तिच्या आईने सांगितलं.

"फुकट?"

"फुकट."

मी वहिनींकडे पाहिलं. कष्ट न करता मिळालेलं घेणारी मुलगी. मनात नोंद केली.

पुढच्या खेपेला चेंडू सरळ येऊन तिच्या कमरेवर आदळला. अमोल अर्धा उठला. ती मात्र कंबर चोळत, हसत पुन्हा पहिल्या बेसकडे निघाली.

"चेंडू अंगाला लागला तरी बेस मिळतो," शीतलच्या आई म्हणाल्या.

"मग ती बाजूला झाली का नाही?"

"अहो, वेळच नव्हता."

"आमच्या खो-खोत पोरी वाऱ्यासारख्या सरकतात," मी म्हणाले. दुसरी नोंद. मुद्दाम लागून घेते. सासरी आली की आजारपणं काढील.

तिसऱ्या खेपेला माझा संयम सुटला. शीतलने बॅट फिरवली, हुकली. पुन्हा हुकली. तिसऱ्यांदाही हुकली. तीन वेळा हुकलं की आऊट, एवढं मला एव्हाना कळलं होतं. पण मागच्या कॅचरच्या हातून चेंडू निसटला आणि ही बाई माघारी यायचं सोडून पहिल्या बेसकडे धूम पळाली.

आता माझ्या पर्समध्ये पंचाची शिट्टी कायम असते. ती कधी तोंडात गेली ते मला कळलं नाही.

शिट्टी अशी वाजली की सगळं मैदान थांबलं. चेंडू उचललेली मुलगी हात वर करून तशीच उभी. शीतल एक पाय उचलून तशीच उभी. पलीकडच्या रस्त्यावर एक टेम्पोही थांबला.

पंचाचं काम करणारे सर इकडेतिकडे बघत म्हणाले, "शिट्टी कोणाची?"

"माझी," मी उठून मैदानात शिरले. "ती आऊट झालीय आणि आऊट होऊन पळतेय. चालतं का हे?"

"चालतं मॅडम. तिसऱ्याला कॅचरने चेंडू सोडला तर बॅटरला पळता येतं. बेसवर चेंडू आधी पोचला तर आऊट, ती आधी पोचली तर वाचली."

"आणि आता?"

"आता तुम्ही शिट्टी वाजवलीत. आता मलाच कळेना काय द्यावं."

दोन्ही टीममध्ये वाद झाला, तो कसाबसा मिटून समोरच्या टीमची बॅटिंग आली. तेवढ्यात नेवाशाची एसटी आली आणि समोरच्या टीममधली एक मुलगी "सर, ही चुकली तर पुढची दुपारी" म्हणत पळाली. एक बॅटर कमी पडली. कोणीतरी खोडसाळ पोरगी म्हणाली, "सर, त्या आत्यांना घ्या. त्यांना सगळं येतं."

सर हसले. मी हसले नाही. मी पदर खोचला.

"वन्सं, नका जाऊ," वहिनी मागून म्हणाल्या. "आपन पोरगी बघाया आलोय."

"जवळून बघते," मी म्हणाले.

डोक्यावर हेल्मेट चढवून मी उभी राहिले. शीतल जाळी लावून माझ्या मागे येऊन बसली. भावी सून आणि आत्या यांच्यातलं पहिलं संभाषण असं झालं.

"आत्या, थोडं पुढे सरका. बॅट मला लागेल."

"मला शिकवू नकोस."

पहिला चेंडू आला तो मला दिसला नाही. दुसरा दिसला, पण गेल्यावर. दोन्ही वेळा मी बॅट फिरवली आणि स्वतःभोवती एक गिरकी घेतली. हेल्मेट नाकावर आलं.

मागून हळू आवाज आला, "आत्या, मारूच नका. टाकणारी दमलीय, चेंडू बाहेर जातायत. गप्प उभं राहिलात तरी चालत बेसवर जाल."

म्हणजे माझ्याविरुद्ध खेळत असून ही मला वाचवायला बघत होती. पण मला त्यात लाचच दिसली. "मी फुकटचं घेत नाही," असं म्हणून मी एक पाऊल मागे घेतलं आणि सगळा जीव एकवटून बॅट फिरवली.

काहीतरी लागलं. खणखणीत लागलं. मला वाटलं, चेंडू मुळा धरणापलीकडे गेला. वळून बघते तर शीतल डावा हात छातीशी धरून बसलेली. तिचा हातमोजा एकीकडे, चेंडू दुसरीकडे.

अमोल दोरी ओलांडून धावत आला आणि त्याने सगळ्यांदेखत तिचा हात हातात घेतला. अजून चहासुद्धा झाला नव्हता.

"कॅचरचा अडथळा," सरांनी हात वर करून जाहीर केलं. "मॅडम, फर्स्ट बेस."

"अहो, मी पोरीचा हात मोडलाय आणि बेस कसला देताय?"

"बॅटरच्या बॅटच्या वाटेत कॅचरचा हात आला. नियमाने चूक तिची."

सकाळपासून मी त्या मुलीची चूक शोधत होते. आता पंचांनी अधिकृत चूक हातात आणून दिली, तर ती घ्यायला माझा हात पुढे होईना. शीतलचे डोळे पाण्याने भरले होते आणि तरी ती म्हणत होती, "जा ना आत्या. नियमच आहे."

"नियम गेला खड्ड्यात," मी म्हणाले. "चूक माझी आहे."

हे वाक्य आमच्या घरात माझ्या तोंडून कोणी ऐकलेलं नव्हतं. वहिनी लांबून म्हणाल्या, "काय म्हन्ल्या वन्सं? परत म्हना."

मी परत म्हटलं. पण शीतल ऐकेना, शेवटी तिच्या आग्रहाखातर मी पहिल्या बेसवर गेले. जाऊन त्या पांढऱ्या गादीवर बसले. पुढच्या मुलीने चेंडू टोलवला आणि सगळ्या ओरडल्या, "आत्या, पळा."

"कशाला?" मी म्हणाले. "मला मिळालाय की हा."

मी बसल्याबसल्या आऊट झाले.

अमोल शीतलला तिच्याच स्कूटीवर दवाखान्यात घेऊन गेला. आम्ही घरी गेलो. तिच्या आईचं लक्ष दाराकडे, म्हणून पोहे मीच परतले. मुलाच्या आत्याने मुलीच्या घरी पोहे केल्याचं आमच्याकडे दुसरं उदाहरण नाही. दवाखाना जवळच होता, तरी दोघं बऱ्याच वेळाने आली. हाड शाबूत होतं, नुसती सूज होती. हाताला पट्टी होती आणि दोघांच्याही हातात उसाच्या रसाचे ग्लास होते.

शीतलच्या आईने विचारलं, "मग आत्याबाई, मुलगी पसंत आहे का?"

"मला काय विचारता," मी म्हणाले. "तिला विचारा, असली आत्या चालेल का?"

शीतलने अमोलकडे पाहिलं. अमोलने माझ्याकडे पाहिलंच नाही.

"चालेल," ती म्हणाली. "फक्त हातात लाटणं असलं की मी लांब उभी राहीन."

साखरपुड्यापर्यंत सूज पुरती उतरली नव्हती. डाव्या हातात अंगठी जाईना, म्हणून उजव्या हातात घातली. मी पेढ्यांचं ताट घेऊन फिरत होते. तिसगावच्या एका पाहुणीने विचारलं, "नवरीच्या हाताला काय झालं हो?"

मी तिच्यापुढे पेढा धरला, तोवर वहिनींनी माझ्याकडे बोट करून सांगून टाकलं, "काय न्हाई, आमच्या वन्संनी पोरगी पसंत केली."