घड्याळाची टी.पी.

माझे बाबा अहेरीकडच्या एका लाकूड डेपोत कारकून होते. तिथे सागाच्या प्रत्येक ओंडक्यावर हातोड्याने ठोकलेला नंबर असे आणि टी.पी., म्हणजे वाहतुकीचा परवाना, असल्याशिवाय ओंडका फाटकाबाहेर जात नसे. डेपोत हे ठीकच होतं. पण बाबा घरीही तसेच! नवा डबा दिसला तरी 'हा कुठून आला?' हे आधी.

ऐंशीच्या दशकात माझे काका, बाबांचे धाकटे भाऊ, आखातात एका शेठची गाडी चालवत. बाबांनीच त्यांना शिकवून मार्गी लावलं होतं. एकदा सुटीवर आले आणि खिशातून मनगटी घड्याळ काढून त्यांनी बाबांच्या हातात ठेवलं. त्याला सेल नव्हता, हात हलला की आपसूक चालायचं. निळ्या तबकडीत छोटा चंद्र होता.

"भाऊ, पुनव बी दाखवते. बुद्धवंदनेले कॅलेंडर पाहाचं काम नाई."

बाबा खुलले. मग सवयीने त्यांनी घड्याळ उलटं केलं. मागे ४३/१०० असं कोरलेलं होतं.

"हा नंबर कायचा?"

"मले का मालूम? मालकानं खुश होऊन देल्ली."

"खुश होऊन मानूस मिठाई देते. वरचा नग, खालचा लॉट. हा नोंदीतला माल हाये. याची टी.पी. कुठी हाये?"

काका हसले. बाबा हसत नाहीत हे पाहून त्यांचं हसू विरलं.

त्या संध्याकाळी पौर्णिमेची वंदना होती. पंचशीलात न दिलेलं न घेण्याचं शील आलं तसे बाबा स्वतः म्हणायचे थांबले आणि काकांचा आवाज ऐकत राहिले. आवाज कापतो का, हे बघत होते. मला इतका राग आला, की उठून जावंसं वाटलं. काकांनी ते शील पूर्ण म्हटलं, जरा मोठ्यानेच. सकाळी घड्याळ पाटावर ठेवून ते निघून गेले आणि पुन्हा आमच्या घरी आले नाहीत.

पुढे त्यांनी तो शेठ सोडल्याचं कानावर आलं.

"सोडला कायचा? काढून देल्लं असन," बाबा म्हणाले. घड्याळ त्यांनी फडक्यात बांधून कपाटात टाकलं होतं, जप्तीचा माल ठेवावा तसं.

नागपूरला कॉलेजात असताना मी एका मोठ्या घड्याळाच्या दुकानात सहज त्या नंबराबद्दल विचारलं. कारखाना अशी मोजकीच घड्याळं काढतो, हे शंभरातलं त्रेचाळिसावं, एवढाच त्याचा अर्थ. मी धावतपळत घरी आले आणि बाबांना सांगितलं.

बाबांनी नीट ऐकून घेतलं. "म्हंजे अजूनच महाग. अशी घडी डायवरले कोन देते?"

मी कपाळावर हात मारला. इतकी वर्षं गप्प असलेली आई तेव्हा चुलीजवळून म्हणाली, "समजा, चोरली बी असन. पन तुमच्यासाठीच आनली होती ना? सोताच्या हातावर तं नाई ठेवली."

मग बाबांनी मला विचारलं, "त्याचा पत्ता हाये का तुज्याजवळ?"

पत्ता आमच्यापैकी कुणाकडेच नव्हता.